धोक्याच्या जागी जिओकॅश: लपवण्याआधी आणि वर्णन लिहिताना

जिओकॅशिंग हा खेळ सांगायला अगदी सोपा आहे. एकाने झाकणबंद डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, आणि दुसऱ्याने उपग्रहांच्या मदतीने ती जागा गाठून, डब्यातल्या वहीत आपले नाव व तारीख लिहून, डबा होता तसा परत ठेवायचा. यातल्या 'कॅश' या शब्दाचा रोकडीशी संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एकाएकी दहा-वीस मीटरपर्यंत नेमकी झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे स्थान जाहीर केले. आज जगभर असे लाखो डबे आहेत आणि त्यांतले काही सह्याद्रीत व कोकणातही आहेत.

खेळ सोपा असला तरी त्यातली एक गोष्ट अवघड आहे, आणि ती बहुतेक वेळा डबा ठेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो डबा ठेवायला जातो तो चांगला दिवस पाहून: आकाश स्वच्छ, वाट कोरडी, हातात भरपूर वेळ. शोधणारा मात्र कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी आणि कोणत्याही ऋतूत येतो. अक्षांश-रेखांश वर्षभर तेच राहतात. त्यांना भरती कळत नाही, पाऊस कळत नाही, रात्र कळत नाही. त्यांना उंचीही कळत नाही, त्यामुळे यंत्रावर 'उरलेले अंतर 40 मीटर' असे दिसत असताना डबा प्रत्यक्षात चाळीस मीटर पुढे आणि दीडशे मीटर खाली असू शकतो. बाण सरळ रेषेत दाखवतो आणि मधला कडा त्याला दिसत नाही. जागा आणि शोधणारा यांच्यामध्ये उरते ते फक्त डबा ठेवणाऱ्याने लिहून ठेवलेले वर्णन. धोक्याच्या जागी डबा ठेवणे म्हणजे, आपण हजर नसताना तिथे येणाऱ्या अनोळखी माणसाची काही एक जबाबदारी आधीच उचलणे होय, असे मी मानतो.

या जबाबदारीचा पहिला भाग म्हणजे जागेची निवड. त्यासाठी यंत्राची चूक नीट समजून घ्यावी लागते. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल फोन सुमारे 5 मीटरपर्यंत चुकतो. कड्याच्या पायथ्याशी, घळीत किंवा दाट झाडीत ही चूक बरीच वाढते, कारण आकाशाचा थोडाच भाग दिसतो आणि जे संदेश पोहोचतात त्यांतले काही कातळावर आदळून, लांबच्या मार्गाने येतात. यंत्र तो लांबलेला मार्गच खरे अंतर समजते. त्यात डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची चूक एकमेकींत मिसळतात. परिणामी शोधणारा एका बिंदूवर येत नाही, एका वर्तुळात येतो, आणि त्या वर्तुळातला प्रत्येक दगड, प्रत्येक फट, प्रत्येक झुडूप तपासू लागतो. म्हणून डब्याची जागा सुरक्षित असून भागत नाही. डब्याभोवतीचे निदान पंधरा-वीस मीटरचे वर्तुळ सुरक्षित असावे लागते. डबा कड्याच्या काठापासून चार मीटर आत, अगदी निर्धोक झाडाच्या बुंध्याशी असला, तरी त्याचे वर्तुळ काठ ओलांडून दरीत जाते. शोधणारा झाडाजवळ पाहील, काही न सापडल्यास काठाशी येईल, आणि तिथेही न सापडल्यास काठाखालच्या कपारीत वाकून पाहील.

यातला सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे डबा तिथे नसणे. माकडांनी पळवलेला, पुरात वाहून गेलेला किंवा कोणी कचरा समजून उचललेला डबा शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही, पण तो नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि जितका वेळ जाईल तितका तो अधिकाधिक अवघड जागी हात घालत जातो. डबा हरवण्याची शक्यता गृहीत धरूनच जागा ठरवावी लागते. मग वर्णनात 'कुठे आहे' याइतकेच 'कुठे नाही' हेही लिहावे लागते: डबा वाटेच्या डोंगराकडील बाजूस आहे, दरीकडील बाजूस नाही, कठडा ओलांडण्याची गरज कुठेही नाही, कंबरेच्या उंचीपेक्षा वर चढण्याची गरज नाही. अशा एका वाक्याने कोडे जरा सोपे होते हे खरे, पण माझ्या मते ती किंमत द्यायला काहीच हरकत नसावी.

एक गैरसमज गुणांकनाविषयी आहे. प्रत्येक डब्याला दोन अंक दिले जातात, दोन्ही एक ते पाच या पट्टीवर, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. पहिला अंक शोध किती अवघड आहे ते सांगतो, दुसरा जमीन किती अवघड आहे ते सांगतो. जमिनीचा अंक एक असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही तिथे जाता यावे, आणि पाच असेल तर दोर, होडी किंवा पाण्यात बुडी मारण्याचे साहित्य यांसारखे काहीतरी विशेष लागते, असा संकेत आहे. पण हा अंक श्रम मोजतो, धोका मोजत नाही. ओहोटीच्या वेळी सपाट, कडक वाळूवरून किलोमीटरभर चालत जाणे हे श्रमांच्या हिशेबात दीड-दोनच्या वर जाणार नाही, आणि तीच वाळू तीन तासांनी दोन मीटर पाण्याखाली असेल. कडा, दरड, काटे, विषारी वनस्पती, धोकादायक प्राणी, पाण्यातून चालणे यांसाठी संकेतस्थळावर वेगळी चिन्हे आहेत आणि ती जरूर लावावीत. मात्र सावधगिरी म्हणून सगळीच चिन्हे लावून ठेवणारे काही जण असतात, त्यांनी खरे तर काहीच सांगितलेले नसते, कारण दहा चिन्हांमधले नेमके कोणते आपल्या जिवाशी संबंधित आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण निसर्गातल्या धोक्यांपैकी सर्वांत फसवा धोका मला पाण्याचा वाटतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यन नावाची अतिशय अरुंद घळ आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिच्या खालच्या भागात पर्यटक उतरले असताना अचानक लोंढा आला आणि 11 जणांचा मृत्यू झाला. घळीवर त्या वेळी नावापुरताच पाऊस होता. वादळी पाऊस कित्येक किलोमीटर वर, तिच्या पाणलोट क्षेत्रात कोसळला होता. उघड्या खडकाच्या प्रदेशात पाणी मुरत नाही, ते उतारावरून एकत्र होऊन सर्वांत अरुंद वाटेने धावते, आणि घळ जितकी अरुंद तितकी पाण्याची पातळी वेगाने चढते. जून 2018 मध्ये प्राग शहरात जिओकॅशिंगसाठीच ओढ्याच्या भूमिगत बोगद्यात शिरलेल्या गटावर असाच प्रसंग आला. बाहेर जोराची सर आली, बोगद्यातले पाणी चढले आणि दोघांचा जीव गेला. आत असलेल्याला वरचे आकाश दिसत नाही, हे दोन्ही घटनांतले समान सूत्र आहे.

मराठी वाचकाला अँटिलोप कॅन्यनची कल्पना करण्यासाठी दूर जायला नको. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी ही तशीच कातळात चिरलेली अरुंद वाट आहे; दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मध्ये मोठमोठे धोंडे आणि हिवाळ्यातही पाण्याचे डोह. पावसाळ्यात ती वाट राहत नाही, ओढ्याचे पात्र होते. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला आहे, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे डबा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पण परवानगी मिळालीच असे क्षणभर धरले, तरी दरीच्या आत डबा ठेवू नये असे मी म्हणेन. दरीच्या मुखाशी, जिथून दरी दिसते पण जिथे लोंढा पोहोचत नाही, अशा उंचवट्यावर तो ठेवता येईल. पूर किती चढतो हे जागाच सांगते: झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि काटक्या, कातळावरची चिखलाची रेघ, झाडाच्या सालीवर धोंड्यांनी घासल्याच्या खुणा. या खुणांच्या बऱ्याच वर जागा निवडावी. खुणा नसतील तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे. ओढ्याला पाणी कुठवर येते, किती वेळात येते आणि किती वेळात उतरते हे तिथे गुरे चारणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशाला नसते. विचारल्याने आणखी एक लाभ होतो: बेवारस डबा पाहून गावकऱ्यांना शंका येत नाही.

वाहत्या पाण्याची ताकद डोळ्यांना कळत नाही, हेही वर्णन लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे. वेगाने वाहणारे अवघे 15 सेंटिमीटर पाणी प्रौढ माणसाचे पाय उचलू शकते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांच्या भोवतीचे पाणी पाहता पाहता वाढत गेले होते. डबा ओढ्याच्या पलीकडे असेल तर परतीच्या वेळी तो ओढा पुन्हा ओलांडायचा आहे आणि मधल्या तासाभरात त्याचे पाणी तेवढेच राहील याची हमी नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. शक्य असल्यास डबा ओढ्याच्या अलीकडेच ठेवावा.

समुद्राचे पाणी त्या मानाने प्रामाणिक आहे, कारण त्याची वेळ आधी सांगता येते. ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला पाण्याने वेढले जाते अशा जागेचे आपल्याकडचे सर्वांना ठाऊक उदाहरण म्हणजे अलिबागचा कुलाबा किल्ला. भरतीचे पाणी साधारण सहा तास चढते, पण एकसारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोक एकूण चढाचे बारा भाग कल्पितात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी एकूण चढ चार मीटर असेल, तर मधल्या दोनच तासांत पाणी दोन मीटर चढते. पहिल्या तासात पाणी जेमतेम एक फूट वाढलेले पाहून 'अजून वेळ आहे' असे वाटते, आणि डबा सापडेना म्हणून आणखी अर्धा-पाऊण तास शोधण्यात जातो, तोवर वेगाचा काळ सुरू झालेला असतो. किनारा मध्येच खोलगट असेल तर पाणी आधी मागच्या बाजूने येते आणि समोरची वाळू कोरडी दिसत असतानाच परतीची वाट बुडते.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमार कळतो, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. स्वतःसाठी हा हिशेब उत्तम आहे, पण वर्णनात त्यावर भिस्त ठेवता येणार नाही, कारण शोधणारा परदेशी असू शकतो आणि कॅलेंडरातली तिथी त्याला वाचता येईलच असे नाही. वर्णनात कोणत्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहायचे, पूर्ण ओहोटीच्या आधी आणि नंतर किती वेळ वाट मोकळी असते, आणि कोणत्या खडकाला पाणी लागले की परत निघायचे, इतके नेमके लिहावे. हा शेवटचा खडक किंवा खांब फार महत्त्वाचा आहे. भिजलेल्या मोबाइलवरची वेळ पाहण्यापेक्षा डोळ्यांना दिसणारी खूण माणूस लवकर मानतो. हा खेळ ज्या ओरेगन राज्यात जन्मला, त्याच्या किनाऱ्यावर वेळापत्रकात न बसणारा धोकाही आहे: शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट नेहमीपेक्षा खूप वर येते आणि किनाऱ्यावर पडलेले प्रचंड ओंडके थोड्याशा पाण्यातही लोळवते. त्या ओंडक्यांच्या फटीत डबा ठेवणे, ती जागा लपवायला कितीही आयती वाटली, तरी चूक आहे.

दरडीचे तसेच आहे. माळीण (30 जुलै 2014) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या दोन नावांनंतर पावसात भिजलेल्या उताराविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. कड्याच्या पायथ्याशी ताज्या, उजळ रंगाच्या, शेवाळ न धरलेल्या धोंड्यांचा ढीग असेल तर तिथे वरून दगड येत आहेत असे समजावे. बर्फाळ प्रदेशात हे उन्हाळ्याच्या तोंडावर होते, कारण फटीतले पाणी गोठून खडक सुटे करते आणि ऊन लागले की ते निसटतात. शिवाय एकाच ठिकाणी माणसे वारंवार फिरल्याने उतारावरची माती सैल होते, म्हणजे डबा स्वतःच जागेचा धोका वाढवू शकतो.

सापाविंचवांसाठी नियम एकच आहे: हात घालण्याआधी डोळ्यांना आत दिसले पाहिजे. कोकणातल्या कातळात फुरसे असते, कपारींत विंचू असतो, आणि शोधणारा तर प्रत्येक फटीत हात घालणारच. वर्णनात 'काठीने चाचपून पाहा' असे लिहिण्यापेक्षा डबा उघड्या कोनाड्यात, दगडाने झाकून ठेवणे चांगले. डब्यात खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडून द्यावी.

काही जागा अशा असतात की तिथे डबा ठेवूच नये, पण ती जागा लोकांनी पाहावी असे मात्र वाटते. त्यासाठी 2004 पासून अर्थकॅश ('अर्थ' म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) हा प्रकार आहे. त्यात डबा नसतो. दिलेल्या ठिकाणी उभे राहून भूरचना पाहायची आणि ठेवणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळवायची असतात. धबधब्याचे अर्थकॅश करताना अक्षांश-रेखांश समोरच्या सुरक्षित पठारावरचे देता येतात आणि 'कातळाचे किती थर दिसतात' असा प्रश्न विचारता येतो. काठाशी जाण्याचे कारणच उरत नाही.

आता लेखनाविषयी. 'पावसाळ्यात काळजी घ्यावी' या वाक्याने कोणाचेही रक्षण होत नाही, कारण त्यातून वाचणाऱ्याने काय करायचे ते कळत नाही. तेच असे लिहिता येईल: 'जून ते ऑक्टोबर येऊ नये. इतर महिन्यांतही घाटमाथ्यावर ढग दाटलेले असतील तर ओढ्याच्या पात्रात उतरू नये. वाटेत ओढा दोनदा ओलांडावा लागतो. दुसऱ्या ओलांडणीनंतर सुमारे तीनशे पावले दोन्ही बाजूंनी वर चढून बाहेर पडायला जागा नाही. पहिल्याच ठिकाणी वाहते पाणी घोट्याच्या वर असेल तर तिथूनच परत फिरावे. मोबाइलला रेंज खिंडीपर्यंतच आहे. ही माहिती 12 जानेवारी रोजी स्वतः चालून लिहिली आहे.' यात धोका कोणता, कुठे, कधी आणि परत कुठून फिरायचे हे सगळे आले. तारीखही आली, आणि ती नसेल तर उरलेल्या मजकुरावर किती भरवसा ठेवायचा हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

तरीही बरेच जण वर्णन वाचत नाहीत, हे मान्य करून चालावे लागते. ते मोबाइलवर बाण लावतात आणि निघतात. म्हणून जिवाशी संबंधित मजकूर पहिल्या दोन ओळींत असावा, त्या जागेचा इतिहास आणि दंतकथा त्याखाली याव्यात. शोधताना अडलेला माणूस शेवटी सूचक इशारा, म्हणजे अडल्यावर वाचण्यासाठी वेगळी दिलेली छोटी खूण, उघडतोच, त्यामुळे 'कठड्यापलीकडे नाही' हे त्यातही लिहावे. गाडी लावण्याची जागा आणि वाट जिथे फुटते ती जागा यांचे वेगळे अक्षांश-रेखांश द्यावेत, म्हणजे बाण माणसाला थेट दरीकडे न नेता आधी योग्य वाटेवर आणतो. जवळच्या रस्त्यावरून डब्याकडे सरळ रेषा ओढून पाहावी. ती कड्यावरून किंवा खाडीतून जात असेल तर जागा बदलण्याचा विचार करावा.

नवा डबा जाहीर झाला की तो सर्वांत आधी शोधण्याची चढाओढ लागते, आणि काही जण सूचना येताच रात्रीच निघतात. संकेतस्थळावरचे स्वयंसेवक परीक्षक प्रसिद्ध करण्याआधी डब्याचे पृष्ठ नियमांशी ताडून पाहतात, पण ते प्रत्यक्ष जागेवर जात नाहीत. तेव्हा ऋतूचा विचार ठेवणाऱ्यालाच करावा लागतो. घाटातला डबा जून महिन्यात जाहीर करू नये. नोव्हेंबरपर्यंत थांबावे, आणि तोवर एखाद्या पावसाळी दिवशी लांबूनच, सुरक्षित अंतरावरून, ती जागा तिच्या सर्वांत वाईट रूपात पाहून यावी. माझ्या मते हे एक काम केल्याशिवाय वर्णन लिहायला बसूच नये.

पुढे दरवर्षी पावसाळा लागण्याआधी डब्याचे पृष्ठ तात्पुरते बंद ठेवावे आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असेल तर तो त्यात नमूद करावा. पाऊस सरला की स्वतः वाट चालून पाहावी: दरड कोसळली का, पायवाट खचली का, ओढ्याने पात्र बदलले का. शोधणाऱ्यांच्या नोंदी वाचत राहावे. लागोपाठ दोघांना डबा सापडला नाही तर तिसऱ्याने त्याच वर्तुळात धोका पत्करण्याआधी पृष्ठ बंद करावे आणि मग तपासायला जावे. जागा कायमची बदलली असेल तर डबा तिथून उचलून आणावा आणि त्यानंतर पृष्ठ कायमचे मिटवावे. केवळ पृष्ठ मिटवून डबा कपारीत तसाच सोडला, तर ज्याने ते अक्षांश-रेखांश पूर्वीच मोबाइलवर उतरवून ठेवले आहेत तो पुढच्या वर्षीही त्या कड्यावर येईल.